रुमालातला महाराष्ट्र : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे

महाराष्ट्रातील जुन्या घराण्यांत कागदपत्रे फडक्यात बांधून पेटीत किंवा माळ्यावर ठेवण्याची रीत होती. अशा बांधलेल्या गाठोड्याला रुमाल म्हणत आणि अनेक रुमालांचे मिळून दप्तर होई. त्यात सनदा असत, इनामपत्रे असत, वतनाचे निवाडे, हिशेब, देण्याघेण्याच्या याद्या असत आणि बहुधा एखाद्या लांबलचक कागदावर घराण्याची वंशावळही असे. हे दप्तर घराचे भूषण मानले जाई. पण ते उघडण्याचा प्रसंग येई तो भाऊबंदकीचा खटला उभा राहिला तरच. एरवी वाळवी, उंदीर आणि पावसाळ्यातील गळती हेच त्याचे नित्याचे वाचक.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्याची सुमारे तीस वर्षे हे रुमाल सोडण्यात घालविली. इतिहासाचार्य ही पदवी त्यांना विद्यापीठाने दिलेली नाही, ती लोकांनी दिली. आपल्या अभ्यासक्रमात त्यांचे नाव कधी मराठी गद्याच्या तासाला येते, कधी इतिहासाच्या, कधी भाषाशास्त्राच्या. त्यामुळे मनुष्य तुकड्यातुकड्यांनी कळतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्रातील एकच धागा हाती धरला आहे : घराण्यांचे खाजगी कागद त्यांनी सार्वजनिक कसे केले, आणि त्या कामासाठी उभारलेल्या संस्थांत त्यांना काय मिळाले व काय गमवावे लागले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण पुण्यात झाले. थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे पुढे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. धाकट्याने मात्र ठराविक चाकोरी कधीच मानली नाही. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तके वाचण्यात, तालमीत आणि पोहण्यात त्यांचा वेळ अधिक जाई. १८९० च्या सुमारास ते बी. ए. झाले. आपल्या शिक्षणाचा पुढे त्यांनी जो लेखी हिशेब मांडला आहे, तो आजच्या विद्यार्थ्यानेही वाचावा इतका परखड आहे. शाळेतील नोकरी त्यांनी थोडेच दिवस केली. पत्नीचे अकाली निधन झाल्यावर पुन्हा विवाह केला नाही. संसाराचा पाश तेथेच तुटला आणि पुढील आयुष्य एका फिरत्या बिऱ्हाडासारखे गेले. स्वयंपाक स्वतः करावा, मिळेल तेथे मुक्काम करावा आणि कागदांचा वास लागेल त्या गावी जावे, असा क्रम पडला.

१८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत आणावेत हा त्याचा हेतू; प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी त्यातूनच दिले. सुमारे तीन वर्षांनी मासिक बंद पडले. परंतु त्यामागची भूमिका टिकली. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले संशोधन मराठीतच लिहावयाचे हा त्यांचा निश्चय होता. ज्या परदेशी पंडिताला ते वाचावेसे वाटेल त्याने मराठी शिकावे, अशी त्यांची धारणा होती. ती हटवादी वाटेल. पण ज्या काळात विद्वत्तेची भाषा इंग्रजी हे गृहीतच होते, त्या काळात या हट्टाने मराठी गद्याला केवढे बळ दिले हे विसरता येत नाही.

मराठ्यांच्या इतिहासाला हात घालणारे राजवाडे पहिले नव्हेत. ग्रँट डफ याचा तीन खंडांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि पुढे बराच काळ आपली मुले आपला इतिहास त्याच्याच चष्म्यातून वाचत होती. या ग्रंथाची पहिली कसून झडती घेतली ती नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी, तीही विद्यार्थीदशेत. १८७८ पासून काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या ‘काव्येतिहाससंग्रहा’त जुन्या बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात बुडून गेले होते. बखरींच्या गोड कथांवर विसंबून चालणार नाही, घटना घडत असताना लिहिलेला अस्सल कागदच हवा, ही जाणीव हळूहळू होत होती. राजवाड्यांनी तिला शास्त्राचे रूप दिले.

अस्सल कागद होते, पण ते मिळणार कोठे? पेशव्यांचे प्रचंड दप्तर पुण्यात सरकारच्या कुलपात होते आणि तेथे एतद्देशीय संशोधकाला सहज प्रवेश नव्हता. उरली ती घराण्यांची दप्तरे. घराण्यांनी हे कागद सांभाळले ते इतिहासासाठी नव्हे, वतनासाठी. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही वतने वंशपरंपरेने चालत. वाद पडला म्हणजे गोतसभा बसे. वादी आणि प्रतिवादी आपापली हकिकत लिहून देत. तिला तकरीर किंवा करीना म्हणत. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, वडीलपण कोणाच्या शाखेकडे, दुष्काळात गाव कोणी सोडले आणि पुन्हा वसाहत कोणी केली, हे सारे त्यात येई. बलुतेदारांसह गावचे साक्षीदार उभे राहत आणि निवाड्याचा महजर होई. म्हणजे वंशावळ हा नुसता नावांचा वृक्ष नव्हता. तो न्यायसभेपुढे मांडलेला पुरावा होता. साहजिकच खऱ्याबरोबर खोट्या वंशावळीही तयार होत.

हे कागद परक्याच्या हाती द्यावयास लोक घाबरत, त्यालाही कारण होते. १८५२ च्या कायद्यान्वये नेमलेल्या इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामदारांकडे हक्काचे पुरावे मागितले आणि ज्यांचे कागद पुरे पडले नाहीत अशा हजारो लहानमोठ्या इनामांवर जप्ती आणली. कागद दाखविला तर जमीन जाते, ही धास्ती दोन पिढ्या मनात राहिली. त्यामुळे धोतर, कोट आणि पागोटे घातलेला एक पदवीधर दारात उभा राहून जुने कागद आहेत काय असे विचारू लागला, म्हणजे घरातला कर्ता पुरुष साफ नाही म्हणून सांगे. राजवाडे खेपा घालीत, ओळखी काढीत, तासन् तास ओटीवर बसून राहत. कोठे कागद मिळत, कोठे अपमान. कधी असे कळे, की वाण्याने पुड्या बांधण्यासाठी रद्दी नेली तीतच सारे दप्तर गेले, किंवा अडगळ म्हणून ते नदीत सोडून दिले. राजवाड्यांचा पुढे प्रसिद्ध झालेला तापट स्वभाव बऱ्याच अंशी या अनुभवांतून तापलेला होता, असे म्हटल्यास चुकणार नाही.

या खटपटीचे पहिले मोठे फळ १८९८ मध्ये दिसले. वाईस मिळालेल्या कागदांच्या आधारे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत आणि त्यांना जोडलेली दीर्घ प्रस्तावना आहे. मोहिमेत रसद कशी अडली, पैसा का पोहोचला नाही, कोणत्या तारखेला फौज कोठे होती, हे पत्रांच्या मित्यांवरून वाचकासमोर प्रथमच आले. पानिपतच्या पराभवाला मराठी मनाने तोपर्यंत दैवाचा कोप मानले होते. आता त्याची कारणे मोजता येऊ लागली. गोविंदपंत बुंदेले यांच्यावर राजवाड्यांनी ठेवलेला ठपका पुढील संशोधकांना जसाच्या तसा पटला नाही. पण त्यांनी तो खोडावयास घेतला तोही राजवाड्यांनीच छापलेल्या पत्रांच्या आधारे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे या मालेचे एकूण २२ खंड निघाले. त्यांपैकी पंधराव्या व त्यानंतरच्या काही खंडांत शिवकालीन घराण्यांचे कागद आहेत, आणि मावळातील देशमुख-देशपांड्यांच्या घरांत स्वराज्य कसे उगवले हे पाहावयाचे तर आजही तेथेच जावे लागते.

कागद मिळाला म्हणजे तो खरा झाला, असे राजवाडे मानीत नसत. कागदाची जात, शाई, मोडीचे वळण, मायना, शिक्का-मोर्तब हे सर्व ते तपासत. सर्वांत कठीण भाग कालगणनेचा. एकाच दप्तरात शक, हिजरी, फसली, सुहूर आणि १६७४ नंतरचा राज्याभिषेक शक असे पाच प्रकार भेटतात. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पण त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असत आणि लेखकाने एक शब्द गाळला, की शंभर वर्षांचे अंतर पडे. वंशावळीत तर चुकीला पुष्कळ जागा. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने दोन पुरुष एक होऊन जात आणि मधल्या पिढ्या गळत. घराण्याची प्रौढी वाढविण्यासाठी कोणी पुराणातल्या राजापर्यंत माळ नेऊन भिडवी. राजवाड्यांनी शिकविले ते हे, की वंशावळ घरातल्याच दुसऱ्या कागदाशी, शेजारच्या घराण्याच्या कागदाशी आणि शत्रूच्या कागदाशी ताडून पाहावी. घराण्याच्या अभिमानाने जपलेली वस्तू अभिमान बाजूला ठेवून वाचावयाची, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता.

एकट्या माणसाच्या पायांनी महाराष्ट्र पुरा होणार नाही हे त्यांना लौकरच उमगले. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या लोकांनी कागद आणावेत, सभेत निबंध वाचावेत, एकमेकांचे दोष काढावेत आणि जे टिकेल ते छापावे, अशी योजना होती. सरकारी आश्रयाशिवाय लोकांनी आपला इतिहास आपल्या भाषेत लिहिणे ही त्या पारतंत्र्याच्या काळात देशभक्तीचीच एक शाखा होती.

या मंडळाचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला, असे बखरींच्या आधारे सर्वत्र मानले जाई. कारी येथील जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध झाली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका घराण्याच्या टिपणाने साऱ्या महाराष्ट्राची समजूत हलविली! पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच तिथी मिळाली, जोधपूरकडील एका जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला, आणि दीर्घ वादानंतर राज्य शासनानेही ती मान्य केली. जेध्यांच्या घरातील एखाद्या पिढीने तो कागद चुलीत घातला असता तर?

परंतु घराण्यांचे कागद हाताळणाऱ्या संस्थेत घराण्यांचे आणि जातींचे अभिमानही पाहुण्यासारखे येतात आणि ठाण मांडून बसतात. खुद्द राजवाडे यातून सुटले नाहीत. मंडळाच्या प्रकाशनात त्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी जे लिहिले त्याने तो समाज दुखावला. तेव्हा पनवेलचे केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, यांनी १९१८ मध्ये ‘कोदण्डाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून त्यांना उत्तर दिले. ते धारदार आहे, कोठे कोठे रागीटही आहे; पण त्यातील मागणी न्याय्य होती. ज्या कसोटीवर तुम्ही ग्रँट डफला घासता, त्याच कसोटीवर तुमचे स्वतःचे विधान उतरते काय, हाच प्रश्न त्याच्या मुळाशी होता. वारकरी संतांच्या कार्याविषयी राजवाड्यांनी काढलेले निष्कर्षही असेच एकांगी ठरले आहेत. ब्राह्मणी दृष्टीचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता, हे त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्यानेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ही उणीव झाकून त्यांची थोरवी वाढत नाही. त्यांनी दिलेली कसोटी इतकी खरी होती, की ती त्यांच्यावरही चालली.

संस्था काढणे हा त्यांचा गुण आणि संस्थेत न रमणे हा त्यांचा स्वभाव. मतभेद झाले, शब्दाला शब्द वाढला आणि ज्या मंडळाला त्यांनी जन्म दिला त्यापासून ते दूर झाले. पुणे सोडून त्यांनी धुळ्याची वाट धरली. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेमुळे आणि भास्कर वामन भट यांच्यासारख्या सहकाऱ्यांमुळे धुळे तेव्हा जुन्या हस्तलिखितांचे माहेरघर बनत होते. पुण्याच्या वर्तुळापासून लांब, फारशी साधने नसलेल्या त्या गावी त्यांच्या हातून उत्तरायुष्यातील मोठी कामे झाली. धातुकोशाची आणि शब्दांच्या व्युत्पत्तीची सामग्री त्यांनी जमविली. १९२२ मध्ये जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य शहाजीराजांच्या चरित्राची चर्चा करणाऱ्या दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले.

आणि १९२४ मध्ये आली ‘महिकावतीची बखर’. अंबरनाथ, बदलापूर, कल्याण या भागात राहणाऱ्या आपल्याला हा ग्रंथ विशेष जवळचा वाटावयास हवा, कारण तो उत्तर कोकणाचा आहे. महिकावती म्हणजे माहीम. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या प्रकरणांचा हा संग्रह असून त्याचा सर्वांत जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास लिहिला. बिंब राजाबरोबर आलेली कुळे, त्यांची गोत्रे, त्यांना मिळालेली गावे, साष्टी आणि वसईकडील वतने यांच्या नोंदी त्यात आहेत. थोडक्यात, ही एका प्रदेशाचीच वंशावळ आहे. वतने कोणाची आणि आचार कोणते हे राज्ये बदलताना विसरले जाऊ नये म्हणून ती लिहिली गेली.

राजवाड्यांनी तिला जोडलेली प्रस्तावना मूळ बखरीइतकीच विचारात घेण्यासारखी आहे. तीत त्यांनी एक प्रश्न उभा केला : राज्यकर्ते बदलत असता सामान्य लोक स्वस्थ का राहिले? भूमी मुबलक आणि पोटाची चिंता थोडी म्हणून राज्य कोणाचे याची लोकांना फिकीर नव्हती, या दिशेने त्यांनी उत्तर शोधले. त्याच प्रस्तावनेत कोकणच्या वसाहतीचे थर लावताना ते कातवडी, वारली, ठाकर, कोळी यांच्यापर्यंत पोहोचतात. ज्यांच्या घरी रुमाल नाही, सनद नाही, वतन नाही, त्यांचा इतिहास कशावरून लिहावा? राजवाड्यांनी गावांची नावे, आडनावे, देवदेवता आणि बोली यांना पुरावा मानले. त्यांच्या अनुमानांतील वंशविषयक कल्पना आज टिकणाऱ्या नाहीत. तरी बदलापूरच्या डोंगरांत आजही राहणाऱ्या कातकरी-ठाकरांना इतिहासाच्या पानावर जागा आहे, हे वतनदारांच्या दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसाने ओळखावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या गावच्या शिवमंदिरावरील शिलालेखाची कथाही याच जातीची आहे. तो लेख प्रथम वाचला गेला तेव्हा त्याचा काल शके ७८२ असा मानला गेला. नंतरच्या वाचनात तो शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० ठरला आणि मंदिर शिलाहार राजा मम्मुणि याच्या काळाशी जोडले गेले. एका अंकाने दोनशे वर्षांचा फरक! दगडावरचा लेखही पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, तर माळ्यावरच्या कागदाची काय कथा?

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाड्यांचे देहावसान झाले. मागे इस्टेट म्हणावी अशी काही नव्हती; होते ते कागदांचे ढीग, टाचणे आणि अपुरे कोश. त्यांच्या चाहत्यांनी अवघ्या काही दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि तो संग्रह सांभाळला. साने गुरुजींनी त्यांचे चरित्र लिहिले. १९९० नंतरच्या दशकात त्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत धुळ्याहूनच प्रसिद्ध झाले. पुण्याच्या मंडळातही लाखो कागद जमले. मात्र ते वाचण्यासाठी मोडी शिकलेली माणसे हवीत आणि ती फार थोडी आहेत.

आपल्या परिसरात जुने वाडे फारसे नाहीत. येथील बहुतेक घरे बाहेरून आलेल्यांची : कोणी कोकणातून, कोणी देशावरून कारखान्यातील नोकरीसाठी आले. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी उल्हासनगर वसविले. त्यांतील अनेकांची घरे, जमिनी आणि दप्तरे तिकडेच राहिली; हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत मात्र त्यांच्या पिढ्यांची नावे सापडू शकतात, जशी आपल्या पूर्वजांची नावे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत सापडतात. निर्वासितांच्या छावणीतील शिधापत्रक, गिरणीचा किंवा कारखान्याचा हजेरीपट, चाळीची भाडेपावती, गावाकडील सात-बाराचा उतारा, आजोबांनी मोडीत लिहिलेले पोस्टकार्ड, हे या शहरांचे रुमाल आहेत. सनदेइतकेच तेही पुढच्या इतिहासकाराच्या कामाचे.

दिवाळीच्या साफसफाईत अशी एखादी पिशवी हाती लागली, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती सोडून पाहावी. कागदावरची तारीख टिपावी, तो कोणी कोणाला लिहिला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे आणि ते हयात आहेत तोवर लिहून ठेवावे. त्यात आपल्या घराण्याला न शोभणारे काही निघाले, तर तेही तसेच ठेवावे. राजवाड्यांनी घातलेली ही शिस्त पाळणे त्यांना स्वतःला नेहमीच साधले असे नाही. आपल्याला ती अधिक साधावी, एवढीच अपेक्षा.